तीस दिवसांची मुदत : परभणी जिल्हा प्रशासनाला जाहीर इशारा

मा. जिल्हाधिकारी, मा. पोलीस अधीक्षक, परभणी आणि राज्याचे गृहखाते यांस,

हा इशारा आहे. निवेदन समजून याला पोचेचा शिक्का मारू नका आणि फायलीलाही लावू नका.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणी रेल्वे स्टेशनसमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, दुकाने फुटली, वाहनांचे नुकसान झाले. ज्याने ते केले त्याला पुराव्यानिशी धरा. तो आमच्यातला असला तरी आम्ही आड येणार नाही. पण पोलिसांनी दगड कोणी मारला हे शोधण्याऐवजी दगड मारणारे कुठे राहत असतील याचा अंदाज बांधला आणि कोंबिंग ऑपरेशन म्हणत दलित वस्त्यांत घुसले. दारे तोडल्याच्या, बायाबापड्यांना झोडपल्याच्या तक्रारी त्याच रात्रीपासून आहेत. त्या धरपकडीत सोमनाथ सूर्यवंशी उचलला गेला. वय ३५, वडार समाजातला, कायद्याचे शिक्षण घेणारा. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला.

विधानसभेत सांगण्यात आले की त्याला मारहाण झाली नाही, त्याला श्वसनाचा आजार होता. शवविच्छेदनाचा अहवाल सांगत होता : अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. त्याच्या आईने सरकारची मदत नाकारली आणि ती कोर्टाची पायरी चढली. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्यावर राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तिथूनही हात हलवत परतले. पोटचा पोर गेलेल्या बाईला नुसत्या एफआयआरसाठी साडेसात महिने भांडावे लागले, तेही आपल्याच सरकारशी. हे आम्ही विसरणार नाही.

आणि ही पहिली वेळ नाही. ख्वाजा युनूस याच परभणीचा. सॉफ्टवेअर इंजिनिअर, वय २७. घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या संशयावरून डिसेंबर २००२ मध्ये त्याला पकडले. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की औरंगाबादला नेताना जीपला अपघात झाला आणि तो पळाला. सीआयडीच्या तपासात ही कथा खोटी ठरली. पोराचे प्रेतसुद्धा घरच्यांना मिळाले नाही. एक मुसलमान, एक वडार. जवळपास बावीस वर्षांच्या अंतराने एकाच जिल्ह्याने दोन पोरे कोठडीत गमावली आणि दोन्ही वेळा आधी गोष्ट रचली गेली, सत्य नंतर कोर्टातून ओढून काढावे लागले.

आम्हाला वारंवार ऐकवले जाते, जुने उगाळू नका. ठीक आहे, मग जुने कुठे संपले ते दाखवा. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या, त्यांना पोलिसांपुढे हजेरी लावली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. वडार, कैकाडी, राजपारधी आता सरकारी यादीत विमुक्त आहेत. पण विमुक्तांच्या वस्तीत एखाद्या घरी जाऊन बघा. आम्ही पाहिलेल्या एका घरात दारामागच्या खिळ्याला प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली आहे. तिच्यात रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला आणि पोराने त्या महिन्यात जिथे जिथे काम केले त्या मुकादमांचे फोन नंबर लिहिलेली वहीची पाने. म्हातारी म्हणते, "रात्री गाडी आली की हुडकत बसायला टाइम नसतो." गावात चोरी झाली की आपला पोरगा त्या रात्री कुठे होता, हे त्या माउलीला तयार ठेवावे लागते. हजेरी बंद झाली म्हणता? ती दारामागच्या खिळ्याला टांगली आहे.

शिक्षणात आणि नोकरीत मिळालेल्या जागा हा मागच्या अन्यायाच्या भरपाईचा एक भाग झाला. पोलिसांच्या नजरेतला संशय तसाच राहणार असेल तर ती भरपाई अर्धीच. सोमनाथ कायद्याच्या वर्गापर्यंत पोचला होता. कायदा शिकणाऱ्याला कायद्याच्या कोठडीत मरण यावे, मग कसली भरपाई आणि कुणाला?

हे दुखणे जगभरचे आहे. लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाचा तपास कसा नासला, याची चौकशी करणाऱ्या मॅकफर्सन समितीने १९९९ मध्ये पोलीस दलातच वंशभेद मुरला आहे, असे लेखी सांगितले. आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पोलिसांना बजावले की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक करू नका. त्यानंतर सव्वादोन महिन्यांत परभणी घडली.

आमच्या मागण्या नव्या नाहीत. बहुतेक लिहिलेल्या कायद्यातल्याच आहेत :

१. प्रत्येक अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने जागेवर व्हावा, अटक करणाऱ्याच्या छातीवर स्पष्ट नावाची पट्टी असावी आणि घरच्यांना लगेच कळवावे. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात हे १९९६ मध्येच सांगितले आहे.

२. कोणाला, कुठल्या गुन्ह्यात, कोणी पकडले हे जिल्हा नियंत्रण कक्षाच्या फलकावर रोज लागावे.

३. झडतीचे चित्रीकरण नव्या नागरिक सुरक्षा संहितेने बंधनकारक केले आहे. ते नसेल तर वस्तीत पाऊल टाकू नये.

४. प्रत्येक ठाण्यातले आणि कोठडीतले कॅमेरे चालू आहेत का, चित्रण किती दिवसांचे आहे, हे लेखी जाहीर करावे. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी किमान एक वर्षाचे चित्रण ठेवायला सांगितले आहे.

५. जिल्ह्यातल्या हिस्ट्रीशीटांची फेरतपासणी करावी. ज्यांच्यावर गुन्हा नाही, फक्त जात आहे, त्यांची नावे काढावीत.

६. सोमनाथच्या मृत्यूच्या तपासाची प्रगती त्याच्या आईला दर महिन्याला लेखी द्यावी.

हे पत्रक हाती पडल्यापासून तीस दिवस. एकतिसाव्या दिवशी परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या नऊही तालुक्यांतल्या प्रत्येक ठाण्यात माहिती अधिकाराचे अर्ज पडतील. कॅमेरे बंद सापडले तर खंडपीठात याचिका जाईल. आणि जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आम्ही बसू, ते लेखी उत्तर हातात पडेपर्यंत.

आमच्या पोरांनाही इशारा आहे. ज्या दिवशी तुमच्या हातात दगड दिसेल, त्या दिवशी आम्ही तुमच्या पाठीशी नाही. एक दगड पडतो आणि शंभर घरांची दारे तुटतात, हे आपण पाहिले आहे. हातात अर्ज ठेवा, मोबाइलचा कॅमेरा ठेवा, वकिलाचा नंबर पाठ ठेवा.

त्या म्हातारीने खिळ्यावरची पिशवी स्वतःच्या हाताने खाली काढावी, तिच्यातली वहीची पाने चुलीत घालावीत, एवढेच आम्हाला हवे आहे. तोवर आम्ही उठणार नाही.

— परभणी जिल्ह्यातील नागरिक