विश्लेषण : लडाखमधील चांगथांगची जमीन खरेच ‘मोकळी’ आहे का?

ऊन भरपूर, वस्ती विरळ, जमीन मोकळी. सौर प्रकल्पासाठी लडाखचा चांगथांग प्रदेश आदर्श वाटतो, तो यामुळेच. पण येथील जमीन ओसाड दिसत असली तरी ती शतकानुशतके वापरात असलेले कुरण आहे. हे विसरून प्रकल्प उभारणे महागात पडेल.

प्रकल्प काय आहे?
लेह-मनाली मार्गावरील पांग परिसरात १३ गिगावॉटचा अक्षय ऊर्जा प्रकल्प प्रस्तावित आहे. ही वीज हरियाणातील कैथलपर्यंत नेणाऱ्या ७१३ किलोमीटरच्या वाहिनीला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २०,७७४ कोटी रुपये. तांत्रिकदृष्ट्या जागेची निवड चुकीची नाही. विरळ हवेमुळे ऊन प्रखर मिळते आणि थंडीत पॅनेल अधिक कार्यक्षमतेने चालतात.

अडचण कुठे?
चार हजार मीटरहून उंच असलेल्या या शीत वाळवंटात गवत वाढते ते उन्हाळ्याच्या मोजक्या महिन्यांत. चांगपा पशुपालक वर्षभरात अनेकदा तळ हलवतात, त्यामुळे कुरणाला सावरायला वेळ मिळतो. त्यांच्याच शेळ्यांपासून पश्मिना मिळते. याच कुरणांवर कियांग हे रानगाढव चरते. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार देशातील ७१८ हिमबिबट्यांपैकी ४७७ लडाखमध्ये आहेत.

एक मेगावॉट सौरऊर्जेला ढोबळमानाने ४ ते ५ एकर जागा लागते. म्हणजे हजार मेगावॉटला किमान चार हजार एकर. एवढ्या जागेला कुंपण पडले तर सगळे कळप उरलेल्या कुरणांवर येतील. तिथले गवत संपले की नुकसान पशुपालकांचे आणि वन्यजीवांचेही.

नियम काय सांगतो?
सौर फोटोव्होल्टाइक प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे त्याखालील जनसुनावणीही होत नाही. छतावरील पॅनेलला ही सवलत ठीक. हजारो एकरांच्या प्रकल्पाला तोच न्याय लावता येत नाही. शिवाय २०१९ पासून लडाख विधानसभा नसलेला केंद्रशासित प्रदेश आहे. मार्च २०२४ मधील २१ दिवसांच्या उपोषणात सोनम वांगचुक यांनी कुरणांचा प्रश्न मांडला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

मग मार्ग काय?
कोळसा कमी करायचा तर सौरऊर्जा हवीच. म्हणून प्रश्न प्रकल्प हवा की नको हा नाही, तो कुठे आणि कोणाला विचारून हा आहे. निविदेआधी कुरणे, पाणवठे आणि प्राण्यांच्या वाटा यांचा नकाशा चांगपांसोबत बसून तयार व्हावा. सलग कुंपणाऐवजी ये-जा करण्यासाठी पट्टे मोकळे राहावेत. शक्य तिथे पॅनेलखाली चराईला परवानगी असावी. वीजविक्रीतील ठरावीक वाटा स्थानिकांना मिळावा.

यासाठी थोडा वेळ आणि थोडा खर्च वाढेल. पण उखडलेले कुरण या हवामानात पुन्हा उभे राहायला अनेक वर्षे लागतात. तो खर्च आज कोणत्याच अंदाजपत्रकात धरलेला नसेल, तर या विजेला स्वस्त म्हणता येणार नाही.