यंत्राने लिहावे, सर्जनने वाचावे

शस्त्रक्रिया पार पडली की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. सर्जनचे काम मात्र उरलेलेच असते. काय आढळले, काय काढले, रक्त किती गेले, हे सारे लिहायचे असते. आता डॉक्टरांनी बोलावे आणि संगणकाने लिहावे, अशी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली आहेत. कामाच्या गर्दीत ती उपयोगीच. पण सोलापुरात इंग्रजीच्या जोडीला मराठी, कन्नड, तेलुगूही कानावर पडते. यंत्राने ‘फिफ्टीन’चे ‘फिफ्टी’ केले किंवा ‘नाही’ गाळले, तर पुढचे उपचार चुकतील. म्हणून सर्जनने नोंद वाचूनच सही करावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार, मागितल्यापासून ७२ तासांत रुग्णाला कागदपत्रे मिळायला हवीत. ती मागून घ्या, जपून ठेवा.