दुर्लक्षित चिपचे मोठे गणित

सेमीकंडक्टरचा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा नॅनोमीटरच्या शर्यतीपाशी येऊन थांबते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने या उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तेव्हापासून ती अधिकच रंगली. या गदारोळात ‘फेज-शिफ्टेड फुल-ब्रिज कंट्रोलर’ ही वीज रूपांतराचे नियंत्रण करणारी चिप दुर्लक्षितच राहिली.

सर्व्हर असो वा विजेवरची मोटार, उच्च दाबाची वीज कमी दाबावर आणणे दोन्हीकडे अपरिहार्य. त्यासाठी चार ट्रान्झिस्टरांचा ‘ब्रिज’ आणि ट्रान्सफॉर्मर वापरतात. हे ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद होऊ शकतात. विद्युतदाब असतानाच ते चालू झाले, तर दर खेपेला थोडी ऊर्जा उष्णतेत वाया जाते. ही चिप ब्रिजच्या दोन बाजूंच्या चालू-बंद होण्यात नेमके अंतर राखते. किती वीज पुढे जाणार, हे त्या अंतरावर ठरते. शिवाय ट्रान्झिस्टर चालू करण्यापूर्वी ती क्षणभर थांबते; तेवढ्यात ट्रान्सफॉर्मरमधील प्रवाह त्यावरील दाब शून्यावर आणतो. भार कमी असताना हा प्रवाह अपुरा पडतो आणि तेथेच चिपची कसोटी लागते.

याचे मोल आकड्यांतून कळते. हजार वॉट पुरवताना कार्यक्षमता ९० टक्के असेल, तर सुमारे १११ वॉट वाया जातात. ९६ टक्के असेल, तर जेमतेम ४२. वाया गेलेली वीज उष्णता होते आणि ती घालवण्यासाठी पुन्हा वीज लागते. हे यश एकट्या चिपचे नव्हे. परंतु तिच्याविना ते अवघडच.

हे तंत्र नवे नाही. अमेरिकेतील युनिट्रोड कंपनीच्या अशा चिप १९९०च्या दशकातच वापरात होत्या. १९९९ मध्ये ही कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली. अशा चिपला अतिसूक्ष्म तंत्रज्ञान नव्हे, तर अधिक दाब सोसणारी निर्मितीप्रक्रिया आणि अ‍ॅनालॉग रचनेचा मुरलेला अनुभव लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झालेल्या धोलेरा येथील टाटा-पॉवरचिप प्रकल्पाच्या उद्दिष्टांत वीज व्यवस्थापनाच्या चिपचाही समावेश आहे. रचनाकारांचीही वानवा नाही. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे केंद्र बंगळुरूत १९८५ पासून आहे. मात्र तेथे घडलेल्या रचनेची मालकी परदेशी कंपनीकडेच राहते. कारखाना उभारणे हा स्वावलंबनाचा अर्धाच भाग झाला. आपल्या मालकीच्या रचना उभ्या राहिल्या नाहीत, तर उरलेला अर्धा आयातच करावा लागेल.