‘काही लागले तर सांगा’ एवढे पुरेसे नाही

गेल्या पावसाळ्यात एक तरुण आई आपल्या दहा महिन्यांच्या बाळाला घेऊन दवाखान्यात आली. बाळाचा कान दुखत होता. दोन महिन्यांतील ही तिची तिसरी खेप. बाळाला तपासून औषधे लिहिली आणि कागद पुढे करताना माझे लक्ष तिच्या तळहाताकडे गेले. तो पांढराफटक होता. रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन ८.२ निघाले, तिच्या वयाच्या स्त्रीला ते निदान १२ असायला हवे. आधीच्या दोन्ही खेपांना मी बाळ पाहिले होते, बाळाची आई पाहिली नव्हती. ही चूक माझी.

हे कुटुंब मिशनरी आहे. (त्यांच्या संमतीने, ओळखीच्या खुणा बदलून हे लिहीत आहे.) सासर-माहेर दोन्ही तमिळनाडूत. पती आठवड्यातील चार दिवस डोंगरातील पाड्यांवर असतात. मोठा मुलगा चार वर्षांचा. संध्याकाळी मुलांचा वर्ग, रविवारी उपासना, मागोमाग चहापाणी, आणि अवेळी दार वाजवणारी माणसे वेगळीच. ‘जेवता कधी?’ असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, “जेवण होते, डॉक्टर. उभ्याने होते.”

अशा कुटुंबांचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल १८१३ साली आणि सॅम्युएल न्यूएल १८१४ साली मुंबईत पोहोचले. न्यूएल १८२१ मध्ये आणि हॉल १८२६ मध्ये पटकीने गेले. न्यूएल यांची पत्नी हॅरिएट तर मुंबई पाहण्याआधीच, १८१२ मध्ये, मॉरिशस बेटावर वारली. तान्ही मुलगी तिच्याही आधी गेली होती. हॅरिएटचे वय होते अवघे १९. आज पटकीवर इलाज आहे. घरात दुसरे मोठे माणूस नसण्यावर मात्र माझ्या औषधाच्या कपाटात काही नाही.

त्यांच्या समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात. सारी गल्ली त्यांना ‘बाई’ म्हणते. वय ६८, रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही सोबतीला. त्या तपासणीसाठी आल्या असता मी विषय काढला. बाई जरा दुखावल्याच. “वर्षभर सांगते आहे तिला, काही लागले तर सांग. ती सांगतच नाही!”

ती सांगणार नाही, हे आपण आधी समजून घ्यावे. जी माणसे दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी घर सोडून आलेली असतात, त्यांना हात पसरणे फार जड जाते. शिवाय त्यांचा संसार इतरांच्या देणगीवर चालतो. आपल्याला काही कमी पडते असे म्हटले, तर ती तक्रार ठरेल की काय, अशी धास्ती मनात असते. म्हणून ‘काय हवे?’ असे विचारू नये. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते एक मोठ्याला माझ्याकडे पाठव’ असे सांगावे, आणि त्या वेळी दार उघडे ठेवावे. बाईंनी तेच केले. त्या दोन तासांत धाकटे झोपते आणि त्याची आई बसून जेवते. जेवणानंतर ती झोपली, तरी कोणी तिला उठवत नाही.

डब्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. आपल्याकडे भांडे रिकामे परत करत नाहीत. ही रीत सुंदर खरी, पण दोन लहान मुलांच्या आईला तीच ओझे होते. डाळ-भाजीचा डबा धाडला, तर तो तसाच परत यावा, हे पहिल्याच दिवशी हसत सांगून टाकावे. तिखट बेताचे घालावे. दारातूनच डबा द्यावा आणि निघावे; चहाला बसलात, तर तुम्ही तिच्याकडचे आणखी एक पाहुणे झालात. पैसे द्यावेसे वाटले, तर ते मुलांच्या हाती देऊ नयेत. धुण्याभांड्याच्या बाईंचा महिन्याचा पगार आपण दिलेला चालेल का, हे त्या पतिपत्नींना मोकळेपणे विचारावे.

आता तुमच्या स्वतःच्या प्रकृतीविषयी. उभ्याने वाकून मूल उचलू नये. खुर्चीत बसावे आणि मुलाला मांडीवर चढू द्यावे. खोकला-सर्दी असेल त्या दिवशी वार चुकवावा, तसा निरोप द्यावा. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर क्षयाची तपासणी झाल्याशिवाय तान्ह्या बाळाजवळ जाऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, उशाशी असणारी तुमची औषधे. मधुमेहाची ग्लिमेपिराइडची एक गोळीसुद्धा लहान मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. बाईंच्या गोळ्या टीपॉयवरच्या उघड्या डबीत असत; आता त्या कुलपात आहेत. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नयेत. ठसका लागून दाणा श्वासनलिकेत अडकतो.

लसीकरणाचे कार्ड पाहण्याचे काम आजी-आजोबांनी अवश्य घ्यावे. वारंवार बदली होणाऱ्या घरांत नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस आणि दीड वर्षाच्या सुमाराचे डोस हमखास मागे पडतात. आरोग्यकेंद्रात सोबत जावे, परभाषी आईसाठी दोन वाक्ये मराठीत बोलावीत. जुलाब झाले, तर ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, तेही सगळे एकदम, कालवावे. अर्धे-पाव करू नये. बाळ दूध ओढेनासे झाले, सुस्त पडले किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे.

एक गोष्ट मला या मोठ्या मुलाकडून कळली. कोणीतरी त्याला म्हणाले होते, “मिशनरीचा मुलगा असून असा हट्ट करतोस?” चार वर्षांच्या मुलाने हट्ट करायचा असतो. बाईंच्या घरी तो करतो, आणि बाई त्याला वर्गातल्याप्रमाणे कोपऱ्यात उभा करत नाहीत. (त्यांचे जुने विद्यार्थी यावर विश्वास ठेवणार नाहीत.) मधूनमधून फोनवर त्याच्या तमिळ आजीशी त्याची गाठ घालून देतात. दोन्ही आज्यांना एकमेकींची भाषा येत नाही, तरी संभाषण बराच वेळ चालते.

तीन महिन्यांनी त्या आईचे रक्त पुन्हा तपासले. हिमोग्लोबिन १०.६ आहे. लोहाच्या गोळ्या अजून काही महिने घ्यायच्या आहेत. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबाच्या पाण्यासोबत घेतल्या तर उत्तम. हे मी तिला सांगितलेच आहे, आणि तिच्या परवानगीने बाईंनाही.