कचरा जळाला, विष जमिनीतच!

भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा २०२५ साली पीथमपूरला जाळला गेला. म्हणजे प्रश्न मिटला काय? मुळीच नाही! तो गोदामातला कचरा होता. १९८४ पूर्वी कारखान्याने आवारात ओतलेले, पुरलेले विष पावसाबरोबर जमिनीत मुरले. भोवतालच्या गरीब वस्त्यांच्या हातपंपांतून तेच वर आले. प्रदूषण करणाऱ्यानेच माती-पाणी पूर्ववत करण्याचा खर्च सोसावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या बिछडी निकालात बजावले. दूषित जागांसाठी केंद्राचे नियम मात्र २०२५ मध्ये आले! त्यानुसार जनतेला जिल्हा प्रशासनाकडे तक्रार करता येते. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला पाण्याचा हक्क बजावला. तो हक्क निर्विष पाण्याचाही आहे. रोहिणखेड असो वा भोपाळ, बंद कारखान्याशेजारच्या विहिरीची तपासणी लेखी मागा!