आधीं धडा, मग खड्डा

व्हिडिओ गेमची चर्चा या पानांवर कशाला, असें कांहीं वाचक विचारतील. परंतु घरोघरीं मुलांचे तासचे तास ज्यांत जातात, त्या खेळांचे गुणदोष पारखण्याचें काम सुशिक्षितांनीं टाळावें, हें आम्हांस मान्य नाहीं. उड्या मारीत पुढें जाण्याचे जे ‘प्लॅटफॉर्म’ खेळ, त्यांविषयीं एक मत फार बोकाळलें आहे: खेळ जितका दुर्घट, तितका तो श्रेष्ठ. हें मत आमच्या दृष्टीनें साफ चुकीचें आहे.

१९८५ सालीं जपानांत निंटेंडो कंपनीनें काढलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ पाहा. शिगेरू मियामोतो प्रभृतींनीं रचिलेल्या त्याच्या पहिल्या टप्प्यांत उपदेशाचें एक अक्षर नाहीं. मारिओ डावीकडे उभा. समोरची मोकळी जागाच त्यास पुढें बोलाविते. लगेच एक शत्रू येतो. तो बाजूनें शिवला कीं मरण. म्हणून खेळणारा उडी शिकतो, आणि मेला तरी आरंभापासून चार पावलांवरच मरतो. पुढें पायऱ्यांचे दोन उंचवटे लागतात. मधली जमीन भरीव, पडलें तरी इजा नाहीं. तसेच दुसरे दोन येतात, तेव्हां मात्र मध्यें खड्डा असतो. आधीं धडा, मग खड्डा! शिवाय कळ अधिक वेळ दाबावी तों उडी अधिक उंच जाते, हवेंतही ती थोडी वळवितां येते. म्हणून हरलेला मनुष्य यंत्रास शिव्या न देतां ‘माझेंच चुकलें’ म्हणतो.

यावर आक्षेप असा कीं, अशा लाडांनीं खेळाडू दुबळा होतो. त्यास २०१८ चा ‘सेलेस्ट’ हें उत्तर आहे. हा खेळ अत्यंत कठीण; पण मेलेला खेळाडू क्षणांत त्याच प्रसंगाच्या तोंडाशीं पुन्हां उभा राहतो, आणि कड्यावरून पाय सुटल्यावर किंचित् उशिरां मारलेली उडीही तेथें मान्य होते. काठिण्य निराळें आणि अन्याय निराळा. न दिसणारा खड्डा कोणीही खणील. उडी शिकविण्यास बुद्धि लागते.

तीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत शिकवीत आलों. आमच्या वर्गांत बहुधा खड्डा आधीं आणि धडा मागून येतो; आणि पडलेल्या मुलासच आम्ही मंद ठरवितों. त्या मुलानें घरीं जाऊन मारिओशीं मैत्री केली, तर दोष कोणाचा?