घोडा विकावा का?

शीर्षक वाचून कोणी महालक्ष्मीच्या रेसकोर्सकडे निघू नका. हा घोडा बंदुकीचा आहे.

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी मोठ्या काकांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी काडतुसाची बंदूक आहे. तिला मागे, बाहेरून दिसणारा घोडा आहे. एका दुकानदाराने काकांना सुचवलंय की ही जुनी द्या, वर थोडे पैसे घाला आणि बिनघोड्याची दुनळी घ्या. घरात त्यावरून दोन तट पडलेत. मुंबईचा दादा म्हणतो, घ्या. काका म्हणतात, बघू. काकी म्हणते, बंदूकच नको. (तिला कोणी विचारलं नव्हतं, तरी मतांमध्ये तिचं मत सगळ्यात सुसंगत आहे.) आणि मी पडले मेकॅनिकलची, त्यामुळे निकाल माझ्यावर टाकण्यात आला. "एवढी फी भरतो, तर सांग आता." माझं मत सरळ आहे : घोडा विकू नये. का, ते सांगते.

पुण्याकडून, विदर्भातून आलेल्या हॉस्टेलकरांना घरात बंदूक म्हटलं की सिनेमा आठवतो. आमच्याकडे बंदूक ही कोयता, विळा, टॉर्च ह्यांच्या पंक्तीतली वस्तू. वानर आणि लाल तोंडाची माकडं नारळाची कोवळी फळं खाली टाकतात, आंबा अर्धा चावून फेकतात, भाजी तर उपटूनच काढतात. रात्री रानडुकरं. ह्यांच्या त्रासाने कित्येकांनी परसातली भाजी लावणंच सोडलंय. रानडुक्कर वन खात्याच्या परवानगीशिवाय मारता येत नाही, त्यामुळे काकांची बंदूक वर्षभरात वाजते ती बहुतेक हवेत, आवाजासाठी. खुद्द 1959 च्या शस्त्र कायद्यात लिहिलंय की पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि तिने भागणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर गुळगुळीत नळीची दुसरी. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर शेतकरी होता, शार्पशूटर नव्हे. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता थोडं टीओएम. (सर, हे वायवात धरा.) माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे हॅमर, ट्रिगर हे शब्द आधी आले आणि घोडा, चाप काकांकडून मिळाले. पेपरात हमखास "घोडा दाबला" असं छापून येतं. दाबतात तो चाप. घोडा अंगठ्याने मागे ओढतात, म्हणजे स्प्रिंग ताणली जाते. चाप ओढला की अडकण सुटते, घोडा पुढे आपटतो, तो पिनवर, पिन काडतुसाच्या बुडावर, आणि धडाम. (मुंबईच्या भाईलोकांच्या भाषेत अख्ख्या पिस्तुलालाच घोडा म्हणतात, तो विषय वेगळा.) स्ट्रायकरमध्ये घोडा नसतोच. स्प्रिंग लावलेली पिन सरळ रेषेत पुढे जाते. कॅरमचा स्ट्रायकर डोळ्यांसमोर आणा, बरोबर तेच. बिनघोड्याच्या बंदुकीत बहुतेक वेळा घोडा असतो, पण पोटात लपवलेला. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच : काही दिसत नाही.

आणि मुद्दा इथेच आहे. घोड्याची बंदूक उघडा, काडतूस घाला, बंद करा. घोडा अजून खालीच आहे. माकड दिसलं, मग अंगठ्याने ओढायचा. बिनघोड्याची बंदूक मात्र उघडतानाच आतले घोडे चढवून ठेवते. म्हणजे ती भरून बंद केली की चढलेलीच असते, नेहमी. तिला सेफ्टीचा खटका असतो, हे दुकानदार आवर्जून सांगतो. पण साध्या बंदुकांमध्ये तो खटका फक्त चाप अडवतो. आतली खाच झिजली असेल किंवा बंदूक दणकन पडली, तर चाप अडवून उपयोग काय? महागड्या बंदुकांत त्यासाठी आत दुसरी अडकण असते, पण आमचं बजेट महागड्या बंदुकांचं नाही.

दादाचं म्हणणं, हे सगळं जुनाट आहे, जग पुढे गेलं. जग पुढे गेलं हे खरंच, आणि केव्हाच गेलं! इंग्लंडमध्ये वेस्टली रिचर्ड्स कंपनीतल्या ऍन्सन आणि डीली ह्या दोघांनी पोटात घोडा असलेली बंदूक केली ती 1875 साली. म्हणजे दुकानदाराचा "नवीन मॉडेल" दीडशे वर्षांचा आहे. तो चांगला नाही असं मी म्हणत नाही. घोडा झाडीत अडकतो, पावसात अंगठा घसरतो, वेळ जातो. पळत्या पक्ष्यावर नेम धरणाऱ्याला अर्धा सेकंदही मोठा. पण काका हवेत बार काढतात. आवाजाला अर्धा सेकंद उशीर झाला म्हणून कुठलं माकड थांबून हसणार आहे?

पिस्तुलांच्या जगात हाच वाद जास्त गाजलाय, म्हणून तिकडे जरा डोकावू. आपल्या फौजेने, पोलिसांनी वर्षानुवर्षं वापरलेलं इशापूरच्या कारखान्यातलं 9 एमएम पिस्तूल ब्राउनिंगच्या नमुन्याचं, म्हणजे घोड्याचं. मग 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक घेतलं, प्लॅस्टिकच्या अंगाचं, स्ट्रायकरवालं, आणि वारं फिरलं. आपल्या एनएसजीकडेही ग्लॉक आलं. कारणं पक्की आहेत : सुटे भाग कमी, आणि प्रत्येक वेळी चाप ओढायला जोर सारखाच. घोड्याच्या बऱ्याच पिस्तुलांत पहिल्या गोळीला चाप जड आणि दुसरीपासून हलका लागतो, त्याची सवय करावी लागते. हजारो शिपायांना शिकवायचं असेल तर मीही स्ट्रायकरच निवडीन. अमेरिकन सैन्याने 1985 मध्ये घेतलेलं बेरेटाचं घोडेवालं पिस्तूल सोडून जानेवारी 2017 मध्ये सिग सॉरचं स्ट्रायकरवालं निवडलं. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीला त्याच्या नागरी भावंडासाठी, म्हणजे पी 320 साठी, फुकट दुरुस्ती जाहीर करावी लागली, कारण ठरावीक कोनात पडलं तर ते आपोआप उडू शकतं असं दिसून आलं.

ह्यात दोष स्ट्रायकर ह्या कल्पनेचा नाही. ग्लॉकमध्ये स्प्रिंग आधी अर्धवटच ताणलेली असते, उरलेलं काम चाप ओढणारं बोट करतं. अर्धा के एक्स स्क्वेअर आठवा : ताण निम्मा तर ऊर्जा पाव. पी 320 मध्ये ती जवळजवळ पूर्ण ताणलेली. प्रश्न नेहमी हाच असतो की आत किती ऊर्जा साठवून ठेवलीय आणि तिला कशाने अडवलंय. घोड्याची बंदूक ह्या प्रश्नाचं उत्तर उघड्यावर देते. ग्लॉकमध्ये चाप पुढे आहे की मागे ह्यावरून ताण कळतो, वॉल्थरच्या पी 99 मध्ये तर स्ट्रायकरची लाल शेपटी मागून बाहेर डोकावते. घोडा काढून टाकल्यावर त्याची उणीव भरून काढायला लोकांनी ही खटपट केली, ह्यातच सगळं आलं.

हॉस्टेलचा गीझर बघा. त्याचा लाल दिवा उडालेला असेल तर तो चालू आहे की बंद हे हात घालूनच कळतं. वर्कशॉपमधला जुना खटक्याचा मेन स्विच दुरून दिसतो, वर आहे की खाली. बंदूक ह्या बाबतीत गीझरपेक्षा वाईट, कारण ती धरणाऱ्याला जे माहीत असतं ते घरातल्या इतरांना नसतं. काका 62 वर्षांचे. मे महिन्यात दादाची दोन मुलं गावी येतात, मोठा 7 वर्षांचा. बंदूक रिकामी, कुलपात, काडतुसं वेगळ्या कपाटात, हा नियम काका कसोशीने पाळतात. पण नियम थकलेल्या माणसाकडून पाळले जायचे असतात. पहाटे बागेतून आलेला माणूस चहाला बसतो, बंदूक भिंतीला टेकलेली असते. त्या क्षणी काकीला स्वयंपाकघराच्या दारातून कळलं पाहिजे की ती चढलेली आहे की नाही. घोडा असेल तर कळतं. नसेल तर ती उचलून, उघडून बघावी लागेल, आणि काकी त्या वस्तूला हात लावत नाही. घोडा खाली दिसला म्हणजे नळी रिकामी असं अर्थातच नाही. पण अर्धं उत्तर न शिवता मिळतं.

आमच्या विंगमधल्या एकीने चांगला मुद्दा काढला : माकड पळून गेलं की चढवलेला घोडा भरल्या बंदुकीवर उतरवावा लागतो, तेव्हा अंगठा निसटला तर? बरोबर आहे. घोड्याच्या बंदुकीचा खरा धोका तोच. त्यासाठी क्रम उलटा हवा : नळी मोकळ्या दिशेला, चापावरून बोट लांब, आधी बंदूक उघडायची, काडतूस काढायचं आणि मगच घोडा उतरवायचा. काका असंच करतात, त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलं. दुसरा धोका अगदी जुन्या बंदुकांचा. त्यात उतरलेला घोडा थेट पिनवर टेकून राहतो, वरून काही आपटलं की संपलं. घोडा आपटून किंचित मागे येऊन थांबेल अशी रचना स्टँटन नावाच्या इंग्रजाने 1867 मध्ये केली. ती तुमच्या बंदुकीत आहे का, हे बघणं आधी. दिवाळीच्या सुट्टीत काकांनी बंदूक उघडून, नळीतून उजेड दाखवून, मग घोडा टाकून दाखवला. मागे येतो. मी हात लावला नाही, कायद्याने 21 पूर्ण व्हावी लागतात आणि मी 20 ची आहे.

ज्यांची ठासणीची आहे किंवा ज्यांचा घोडा पिनवर टेकतो, त्यांनी माझं ऐकू नये, जरूर बदलावी. आणि खाच झिजलेली, मध्येच सटकणारी बंदूक असेल तर ती बदलण्याआधीही वापरू नये, जाणकार कारागिराकडे न्यावी. आमची तशी नाही.

शिवाय कागद! 2019 च्या दुरुस्तीपासून परवाना 5 वर्षांचा झालाय, तेवढी एक सोय. पण दुसऱ्या परवानाधारकाला विकायची तर आधी लेखी कळवून 45 दिवस थांबा, नवीची परवान्यावर नोंद करा, निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा करायची पाळी येते ती वेगळीच. दादा मुंबईत, मी हॉस्टेलवर, म्हणजे खेपा काकांच्या.

त्या पैशात काय करावं हेही मी काकांना सांगितलंय : भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी कपाट, दोन किल्ल्यांचं, आणि बंदूक बागेतून थेट त्यात, चहाच्या आधी. काकीने कपाटाला लगेच होकार दिला. दुकानदाराचा फोन येतो, काका म्हणतात, आंबा उतरू दे, मग बघू.